चष्म्याच्या दांडीतला आवाज

संध्याकाळी कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की जबलपूरच्या घमापुर चौकात आवाजांची दाटी होते. रांझीकडून येणाऱ्या दुचाक्या, कांचघरकडे वळणाऱ्या ई-रिक्षा, भाजीच्या हातगाडीवर भोंग्यातून अखंड चालणारा रेकॉर्ड केलेला पुकारा, लग्नसराईत भर म्हणून वरातीचा डीजे. अशा वर्दळीच्या रस्त्यावर आवाजाची पातळी 70 ते 80 डेसिबलच्या घरात सहज जाते. या गर्दीत उभ्या माणसाला त्याच्या चष्म्यानं काही सांगायचं असेल, तर ते कानापर्यंत पोचवायचं कसं? कान बुजवायचा नाही, शेजाऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही आणि नाकावरचं वजनही वाढवायचं नाही. स्मार्ट चष्मा बनवणाऱ्या कंपन्या गेली दहा-बारा वर्षं हे कोडं सोडवताहेत. उत्तरं अनेक निघाली आहेत आणि प्रत्येकात काहीतरी सोडावं लागलेलं आहे.

आपल्याकडे हा माल आता नवा राहिलेला नाही. टायटननं जानेवारी 2022 मध्ये ‘आयएक्स’ नावाचा चष्मा 9,999 रुपयांना आणला. त्याच वर्षी नॉइझचा ‘आय वन’ 5,999 रुपयांना आला. लेन्सकार्टनं डिसेंबर 2024 मध्ये ‘फोनिक’ काढला. मे 2025 पासून रे-बॅन मेटा भारतात अधिकृतपणे मिळू लागला, त्या वेळी किंमत 29,900 रुपयांपासून पुढं. जाहिरातीत गाजावाजा कॅमेऱ्याचा आणि एआयचा असतो. पण यातल्या कोणत्याच चष्म्याच्या काचेवर अक्षर उमटत नाही. रस्ता विचारा, निरोप वाचून घ्या, भाषांतर करून घ्या, जे सांगायचं ते चष्मा कानातच सांगतो. म्हणून घेताना पहिली चौकशी आवाजाची करावी. आवाज किती मोठा, यापेक्षा कान किती उघडा राहतो हे त्यात आधी पाहावं. बाकी सगळे फायदे-तोटे त्या एका गोष्टीवरून ठरतात.

दांडीच्या पोटात

साध्या चष्म्याच्या दांडीच्या आतल्या अंगाला तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 52, 18, 145. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा दांडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. म्हणजे कंपनीच्या हाती जागा साडेचौदा सेंटिमीटर, आणि त्यातलाही शेवटचा तुकडा कानामागं वळणारा. एवढ्यात बॅटरी, ब्लूटूथची चिप, अँटेना, बोट फिरवायची पट्टी आणि स्पीकर बसवायचा असतो. दांडी उलटी धरली की खालच्या कडेला, कानाच्या जरा पुढं, जाळी लावलेली बारीक फट दिसते. आवाज तिथून निघून कानाच्या भोकाकडे जातो. कानात काहीच घालावं लागत नाही. अशा स्पीकरचा चष्मा बोसनं जानेवारी 2019 मध्ये ‘फ्रेम्स’ या नावानं विकायला आणला आणि पुढं बहुतेकांनी तीच वाट धरली.

नीट पाहिलं तर बऱ्याच मॉडेलांत आणखी एक फट सापडते, वरच्या किंवा बाहेरच्या अंगाला. स्पीकरचा पडदा पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. हे दोन्ही आवाज बाहेर सोडले, की थोड्या अंतरावर ते एकमेकांना खोडून काढतात. कानापाशी मात्र जवळच्या फटीचा आवाज इतका वरचढ असतो की ही खोडाखोड जाणवत नाही. तुम्हाला ऐकू यावं आणि शेजाऱ्याला येऊ नये, यासाठी केलेली ही योजना आहे.

ती कितपत चालते, याचा हिशेब घरच्या घरी मांडता येतो. फटीपासून कानाचं भोक ढोबळमानानं 2 सेंटिमीटरवर असतं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलनं उतरते. बाकावर शेजारी बसलेल्याचा कान 64 सेंटिमीटरवर धरला, तर दोनाचे चार, चाराचे आठ असं अंतर पाच वेळा दुप्पट झालं, म्हणजे 30 डेसिबलचा उतार. तुमच्या कानाशी 70 डेसिबलनं सांगितलेली बातमी त्याच्यापर्यंत 40 डेसिबलनं पोचते, आणि खोडाखोडीमुळं त्याहूनही कमी. रात्री शांत खोलीत तेवढा आवाज सहज ऐकू येतो. चौकात शेजाऱ्याला त्यातलं अवाक्षरही लागणार नाही. पण तिथं अडचण उलटी होते. रस्ता 75 डेसिबलचा आणि चष्मा 70 चा, तेव्हा शब्द तुमच्याही हातून निसटतात. शांततेत खासगीपणा जातो आणि गोंगाटात शब्द जातात, हा उघड्या स्पीकरचा स्वभाव आहे.

दुसरी उणीव खालच्या सुरांची. काही मिलिमीटर रुंदीचा पडदा किती हवा ढकलणार? स्वर एक सप्तक खाली आणायचा आणि जोर तेवढाच ठेवायचा, तर पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. कान उघडा असल्यामुळं दाब कोंडून ठेवायलाही जागा नसते आणि पुढच्या-मागच्या आवाजांची खोडाखोड खालच्या सुरांतच सर्वांत जास्त होते. त्यामुळं अभंग लावला तर टाळ आणि तबल्याची चाट टणटणीत वाजते, डग्गा मात्र हरवतो. बोलणं सुखरूप राहतं. टेलिफोननं पूर्वापार 300 ते 3,400 हर्ट्झच्या पट्ट्यातच माणसाचं बोलणं वाहून नेलं आणि आपल्याला ते समजत आलं. चष्म्याचा छोटा स्पीकर या पट्ट्यात चांगला तयार असतो. बातम्या, फोन, पुस्तकवाचन, रस्त्याच्या सूचना यांसाठी तो उत्तम; मैफिलीसाठी अपुरा.

हाडाची वाट

दोन्ही कानांत बोटं घालून तोंड मिटून गुणगुणून पाहा. आवाज कमी व्हायच्या ऐवजी डोक्यात घुमायला लागतो. गळ्यातलं कंपन कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला पोचतंय आणि कानाच्या नळीत उतरलेले खालचे सूर बोटांमुळं बाहेर निसटू शकत नाहीत, म्हणून हे होतं. आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज आपल्याला परका वाटतो, त्याचंही कारण हेच: रेकॉर्डिंगमध्ये हाडातून आलेला हिस्सा नसतो.

कानाच्या डॉक्टरांना ही वाट जुनीच ठाऊक आहे. जर्मन वैद्य हाइनरिश अडोल्फ रिने यांनी 1855 मध्ये सांगितलेली चाचणी आजही कुठल्याही ईएनटी ओपीडीत होते. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे शाळेत पाहिलेला नादकाटा, वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात आणि कुठं जास्त ऐकू येतं ते विचारतात. हाडावर जास्त आणि हवेत कमी ऐकू आलं, तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे हे कळतं.

चष्म्याची दांडी तशीही कानाशेजारच्या हाडाला टेकलेली असते, तेव्हा तिच्यातच कंपन करणारी चकती बसवावी, ही कल्पना सुचणं साहजिक होतं. गूगलनं 2013 मध्ये पहिल्या ग्राहकांना दिलेल्या, 1,500 डॉलर किमतीच्या ‘ग्लास’मध्ये नेमकं हेच केलं होतं. पण त्याच वर्षी आलेल्या सुधारित आवृत्तीसोबत गूगलनं कानात घालायचा एक इयरबडही दिला. हाडाची वाट अडते कुठं, ते त्यावरून दिसलं.

ती दोन ठिकाणी अडते. हाडापर्यंत कंपन नीट जायला चकती घट्ट दाबलेली हवी, आणि चष्मा तर जितका हलका बसेल तितका चांगला. दाब वाढवला की तासाभरात कानाशेजारी दुखू लागतं. कमी केला की आवाज पातळ होतो. खालचे सूर जोरात दिले तर ऐकू येण्याआधी त्वचेला गुदगुल्या होतात. दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. कवटी एकसंध असल्यामुळं एका बाजूचं कंपन जवळपास तेवढ्याच जोरानं दुसऱ्या आतल्या कानालाही पोचतं, त्यामुळं आवाज कुठल्या बाजूचा हा भेद पुसट होतो. धावणाऱ्यांच्या मानेमागून जाणाऱ्या हेडफोनमध्ये ही पद्धत चांगली रुजली, कारण त्यांना हवा तेवढा दाब देता येतो. चष्म्यांमध्ये ती मागं पडली.

तरी एका प्रकारच्या माणसांना ती फार उपयोगी आहे. लहानपणी कान वाहून पडद्याला भोक पडलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बाबतीत हवेची वाट बिघडलेली आणि आतला कान शाबूत, म्हणून हाडातून आलेलं त्यांना स्वच्छ लागतं. सोबत एक गैरसमजही दूर करायला हवा. हाडाचा हेडफोन कानाला सुरक्षित असतो, असं दुकानात सर्रास सांगतात. आवाज हवेतून येवो वा हाडातून, शेवटी ऐकतो तो आतल्या कानाचा शंखच. त्याच्यातल्या नाजूक पेशी जोरदार आवाजानं दोन्ही वाटांनी सारख्याच झिजतात.

चष्मा मुका, बड बोलके

तिसरा पर्याय सर्वांत साधा: चष्म्यात स्पीकरच ठेवायचा नाही. 2024 मध्ये आलेल्या ईव्हन रिॲलिटीजच्या ‘जी वन’ चष्म्यात काचेवर हिरवी अक्षरं उमटतात. स्पीकर नाही आणि कॅमेराही नाही. ऐकायचंच असेल तर खिशातले नेहमीचे इयरबड कानात घालायचे. दांडी बारीक राहते, वजन उतरतं, बॅटरी पुरते. बड कानाची नळी बंद करतात, म्हणून डग्गाही परत येतो आणि गोंगाट कापणारे बड असतील तर रस्त्याचा आवाजही उतरतो. किंमत एकच: कान बंद होतो. रस्ता ओलांडताना मागून येणारी ई-रिक्षा तशीही दबक्या पावलानं येते. बड घातलेल्याला तिचा पत्ताच लागत नाही.

स्पीकर दांडीत असो वा कानात, फोनशी बोलणं ब्लूटूथवरूनच होतं आणि तिथली एक खोड सगळ्यांना भोवते. गाणं छान चालू असतं, तेवढ्यात फोन येतो आणि आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. गाण्याच्या वेळी आवाज एकाच दिशेनं वाहत असतो. फोनवर तो दोन्हीकडून वाहावा लागतो, म्हणून जुनं ब्लूटूथ गाण्याची रीत सोडून फोनच्या रीतीवर येतं. तिथं आवाजाचे नमुने सेकंदाला 8,000 किंवा फार तर 16,000 घेतले जातात. सीडीवरच्या गाण्यात ते 44,100 असतात. जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या रीतीत कमी जागेत जास्त चांगला आवाज बसतो, पण ती चष्मा आणि फोन दोघांनाही कळायला हवी. एकालाच येत असेल तर संभाषण जुन्याच रीतीवर चालतं.

उलट दिशेचा आवाज

ऐकणं झालं, बोलण्याचं काय? चष्म्याचा मायक्रोफोन तोंडापासून दूर, डोळ्यांच्या पातळीवर असतो. चौकातला भोंगा आणि मालकाचं बोलणं त्याला सारखंच ऐकू येतं. म्हणून एकाऐवजी अनेक मायक्रोफोन लावतात. रे-बॅन मेटामध्ये पाच आहेत, त्यांतला एक नाकाच्या पुलापाशी. निवड वेळेच्या फरकावरून होते. दोन दांड्यांमध्ये साधारण 14 सेंटिमीटरचं अंतर असतं आणि आवाज सेकंदाला 343 मीटर धावतो. उजवीकडून आलेला भोंगा डाव्या मायक्रोफोनला उजव्यापेक्षा सुमारे 0.4 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तुमचं बोलणं मात्र दोघांना एकाच वेळी मिळतं, कारण तोंड दोघांच्या मधोमध आहे. चिप हे फरक मोजते, एकाच वेळी आलेलं उचलून धरते आणि बाकीचं दाबून टाकते.

वारा या हिशेबाला दाद देत नाही. चालत्या स्कूटरवर प्रत्येक मायक्रोफोनपाशी हवेचे भोवरे स्वतंत्र उठतात. त्यांना दिशाच नसल्यामुळं वजाबाकीला काही हाती लागत नाही. गाडी चालवताना बोलूच नये हा नियम सुरक्षेसाठी आहेच. चष्म्यालाही तो मानवतो.

भाषेचा मुद्दा इथंच येतो. ज्या चष्म्यांना स्वतःची बुद्धी नसते, ते तुमचा आवाज फोनमधल्या सहायकाकडे पाठवतात, आणि मग भाषा फोनची चालते. गूगल असिस्टंटला 2018 मध्ये मराठी समजू लागली. गूगलच्याच जेमिनी लाइव्हमध्ये 2024 साली हिंदीसोबत मराठीही आली. रे-बॅन मेटाच्या स्वतःच्या सहायकाला 2025 मध्ये हिंदी येऊ लागली. जबलपुरातल्या मराठी घरांत एका वाक्यात दोन्ही भाषा नांदतात: “अगं, त्या चौराह्यावर जाम लागलाय.” हे वाक्य समजून घेण्यात कुठला सहायक पास होतो, ते विकत घेण्याआधी आपल्याच आवाजात तपासावं.

“आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत”

घमापुरच्या पूर्वेकडचा जबलपूरचा पट्टा कारखान्यांचा. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी 1942 ची, व्हेइकल फॅक्टरी 1969 ची. हातोडे, प्रेस, लेथ आणि इंजिनांच्या चाचण्या यांच्यात जिथं जिथं उमेदीची वर्षं जातात, तिथं कानावर परिणाम होतोच. निवृत्तीनंतर तो घरात ऐकू येतो.

“बाबा, टीव्ही केवढा मोठा लावलाय!”

“आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत.”

ही तक्रार तंतोतंत खरी असते. सततच्या गोंगाटानं पहिली झीज होते ती 4,000 हर्ट्झच्या आसपास. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, तिथं खाच पडलेली दिसते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांची ओळख पटवणारी सळसळ वरच्या पट्टीत असते, ती निसटते. मग ‘सात’ की ‘हात’ हे ओठ पाहिल्याशिवाय ठरत नाही. आवाज नुसता मोठा करून हे सुटत नाही. हरवलेली पट्टी तेवढी उचलावी लागते आणि समोरच्याचं बोलणं बाजूच्या गलक्यापासून वेगळं काढावं लागतं.

चष्म्याला हे काम सांगण्याची कल्पना सत्तर वर्षं जुनी आहे. ट्रान्झिस्टरनं श्रवणयंत्र लहान केलं आणि 1950 च्या दशकाच्या मध्यास ओटॅरियन या अमेरिकी कंपनीनं ‘लिसनर’ नावाचा श्रवणचष्मा आणला. मायक्रोफोन, बॅटरी आणि ॲम्प्लिफायर सगळं दांडीत. काही वर्षं अशा चष्म्यांची चलती होती. पुढं कानामागं बसणारी स्वतंत्र यंत्रं आली आणि श्रवणचष्मा मागं पडला. अडचण साधी होती: चष्मा काढून ठेवला की कानही गेले, आणि यंत्र दुरुस्तीला दिलं की डोळेही गेले.

तीच कल्पना आता नव्या रूपात परतली आहे. रे-बॅनची मालक कंपनी एस्सिलोरलक्सॉटिकाच्या ‘न्युअन्स ऑडिओ’ चष्म्याला अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी 2025 मध्ये मान्यता दिली, आणि तीही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची. सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी तो आहे. मायक्रोफोनची रांग तुम्ही ज्याच्याकडे पाहता त्याचं बोलणं उचलते आणि दांडीतले उघडे स्पीकर ते कानाशी सोडतात. श्रवणयंत्र लावायची लाज वाटते म्हणून वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. चष्म्याला कोण नावं ठेवतो?

पण मर्यादा ओळखून घ्यायला हवी. दोष तीव्र असेल तर उघड्या स्पीकरचा जोर पुरणार नाही. आवाज तेवढा वाढवला तर तो मायक्रोफोनमध्ये परत शिरून शिट्टी वाजते. आधी तपासणी करावी, मग चष्म्याचा विचार. जबलपुरात नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज आहे, ईएनटीचे खासगी डॉक्टरही आहेत. कृत्रिम अवयव आणि साहाय्यक साधनं बनवणाऱ्या केंद्र सरकारच्या एलिम्को या कंपनीचं एक साहाय्यक उत्पादन केंद्र रिछाईच्या औद्योगिक भागात आहे, आणि केंद्राच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेत पात्र व्यक्तींना श्रवणयंत्र मिळू शकतं. बाजारातला साधा ऑडिओ चष्मा श्रवणयंत्र नसतो, हे त्या पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नसलं तरी लक्षात ठेवावं.

ज्यांचा रस्ता कानांत आहे

उघड्या कानाचं मोल सर्वांत जास्त कळतं ते ज्यांना दिसत नाही त्यांना. पांढरी काठी पायापुढचं सांगते. बाकीचा रस्ता कानावर चालतो. भोंगा कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाच्या फरकावरून आणि कानाच्या पाळीच्या वळणांत आवाज कसा बदलला यावरून ठरवतो. कानात बड घातला की पाळीचं काम बंद पडतं आणि दिशा हरवते. म्हणून या मंडळींसाठी दांडीतला उघडा स्पीकर किंवा हाडाची चकती हाच योग्य पर्याय, मग गाणं कितीही पातळ वाजो.

त्यांच्यासाठीची साधनंही या दिशेनंच वाढली. इस्राएलच्या ऑरकॅम कंपनीचं ‘मायआय’ चष्म्याच्या दांडीला चिकटतं आणि समोरचा मजकूर कानाशी वाचून दाखवतं. स्वतः अल्पदृष्टी असलेले डेन्मार्कचे हान्स योर्गेन वीबर्ग यांनी 2015 मध्ये सुरू केलेलं ‘बी माय आइज’ हे ॲप आता रे-बॅन मेटावरही चालतं. चष्म्यातला कॅमेरा पाहतो, दूरवरचा डोळस स्वयंसेवक काय दिसतंय ते सांगतो आणि हात मोकळे राहतात. औषधाच्या पट्टीवरची तारीख किंवा बसवरची पाटी वाचून घ्यायला एवढं पुरतं.

हेल्मेट, ऊन आणि चष्मेवाला

रोजच्या वापरात काही गोष्टी माहितीपत्रकात सापडत नाहीत. आपल्याकडे पहिली हेल्मेटची. घट्ट हेल्मेट आधी डोक्यात घालून मग चष्मा आत सरकवावा लागतो. साधी दांडी बारीक असते, ती जाते. जाड दांडी गालाच्या गादीला अडते, वर-खाली सरकते, आणि स्पीकरची फट कानाच्या भोकापासून सेंटिमीटरभर जरी हलली तरी आवाज ठळक उतरतो. कमकुवत बिजागरीवर रोजचा ताण पडतो तो वेगळाच.

दुसरी चष्मेवाल्याची. नवी फ्रेम सैल बसली की तो दांडीचं टोक गरम हवेत किंवा तापल्या वाळूत धरतो आणि कानामागं वळवून देतो. आत बॅटरी आणि सर्किट असलेल्या दांडीवर हा प्रयोग करता येत नाही. फार तर शेवटचं टोक थोडं वाकतं. म्हणून अशी फ्रेम पहिल्यांदाच डोक्याला नीट बसणारी घ्यावी. नंबरची काच बसवून घेताना दुकानदाराला आधी सांगावं, नाहीतर तो सवयीनं फ्रेम तापवायला घेईल.

तिसरी उन्हाची. जबलपूरचा मे महिना 42-43 अंशांवर सहज जातो आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून बराच वर. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेत भराभर घटतं, आणि ही बॅटरी दांडीत कायमची बंद केलेली असते. घामाचा क्षार आणि धूळ स्पीकरच्या जाळीत बसली की आवाज बसतो. कोरडा मऊ ब्रश आठवड्यातून एकदा फिरवला तरी भागतं. चष्मा नळाखाली धुवायची सवय मात्र सोडावी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिचा परिणाम चष्मा बदलून भरून येत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात 55 आणि व्यापारी भागात 65 डेसिबल ही मर्यादा आहे. प्रत्यक्षातला रस्ता तिच्या वर असला की उघड्या कानाचा माणूस नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढ माणसानं आठवड्याला 80 डेसिबल 40 तास ऐकणं चालतं, पण 90 डेसिबल जेमतेम 4 तास. गोंगाटावर मात करायला उघडा स्पीकर वाढवणं म्हणजे गोंगाटात स्वतःची भर घालणं. शब्द लागत नसतील तर आवाज चढवू नये. बाजूला गल्लीत व्हावं किंवा नंतर ऐकावं.

कोणी काय निवडावं

जो दिवसभर चष्मा लावतोच, ज्याचं ऐकणं फोन, बातम्या आणि सूचनांपुरतं आहे आणि ज्याला घरातली हाक किंवा स्टेशनवरची घोषणा चुकवायची नाही, त्यानं दांडीतल्या स्पीकरचा चष्मा घ्यावा. त्यासाठी तीस हजार घालायची गरज नाही; कॅमेरा नको असेल तर पाच-दहा हजारांतले चष्मे हे काम करतात. ज्याचा जीव गाण्यात आहे किंवा ज्याला अभ्यासिकेत शेजाऱ्याचा राग ओढवून घ्यायचा नाही, त्यानं साधा चष्मा आणि चांगले बड ही जोडी ठेवावी. मधल्या कानाचा दोष असलेल्यानं डॉक्टरांना विचारून हाडाची वाट अजमावावी. ज्यांना शब्द कळत नाहीत त्यांनी आधी ऑडिओग्राम काढावा, मग दुकान गाठावं.

पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: बॅटरी थकली तर फक्त दांडी बदलून मिळेल का, आणि चष्मा दुरुस्तीला गेला तर तेवढे दिवस काय लावायचं? पहिल्याचं उत्तर बहुधा गोलमोल येईल. दुसऱ्याचं आपल्याच हातात आहे. ओटॅरियनच्या काळातल्या गिऱ्हाइकांना जी अडचण आली ती आजही तशीच आहे, कारण डोळे आणि कान पुन्हा एकाच दांडीला बांधले गेलेत. तेव्हा बोलका चष्मा हौसेनं घ्या, पण त्याच नंबरचा एक साधा चष्मा घरात करून ठेवा. त्याला चार्जिंग लागत नाही.